क्लिफर्ड पुन्हा मैदानावर

लाडक्या ओल्वेन, थोरलीकडून तुला गोड पापा.

शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील? दोन परके म्हातारे! जुनी मैदानं बघत गावोगाव हिंडतात म्हणे. आमच्या लाकडी मंडपाच्या फळ्यांवरून असा हात फिरवत होते, जसा लेकराच्या पाठीवरून. मी लगेच चहा दिला.

तुझा खोकला कसाय? मध घेतेस ना?

माझ्या नवरोबाला, क्लिफर्डला, मीच ओढून नेलं होतं. मध्यंतरात बाजू बदलल्या की सगळे मैदानाला वळसा घालून, आपला संघ आता जिथे गोल मारणार त्या समोरच्या गोलामागे जातात ना! गुडघे गेल्यापासून म्हणायचा, "तेवढंही जमेना, तर घरीच बरा." त्या दिवशीही बसूनच राहिला. तर पाहुण्यांपैकी एक, डेस्मंड, म्हणतो, "उठा राव, आमचे गुडघे तरी कुठे नवे आहेत!"

तिघे रमतगमत निघाले. अर्ध्या वाटेतच खेळ सुरू झाला आणि त्यांच्या पाठीमागे आमच्यावर गोल! क्लिफर्ड म्हणाला, "बरं झालं, बघावा तरी लागला नाही!" किती महिन्यांनी हसला गं.

हरलोच आम्ही. पण क्लिफर्ड आता रोज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालून येतो. पाहुण्यांनी पुन्हा यायचं कबूल केलंय, ईस्टरच्या सोमवारी.

तुझी नेस्टा