पायाखालची उशी

प्रिय आई,

शिकागोत मी मजेत आहे. तुझ्या मक्याच्या भाकरीची सर मात्र इथे कशालाच नाही. तुझा खोकला थांबला का?

काल माझी रेकॉर्ड झाली! लहानपणी तुझ्या झाडूला गुंडाळलेली तार काढून, भिंतीला ठोकून वाजवायचो, मार खायचो, तेच गाणं. मी पाय आपटतो म्हणून रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाने पायाखाली उशी सरकवली. म्हणाला, "लॉन्झो, गिटार वाजव, जमीन नको."

मी म्हटलं, "साहेब, पाय थांबला की हातही थांबतो." शेवटी उशी काढली.

चर्चमध्ये याला सैतानाचं गाणं म्हणतात म्हणून कान झाकू नकोस. रेकॉर्ड पाठवली की शेजारच्या यूलाबाईंच्या ग्रामोफोनवर एकदा ऐकच. मधूनमधून ठकठक येईल. खेचराने लाथ मारलेला पाय बरा झालाय, हे माझ्या पत्रांवरून तुला पटत नाही ना? तोच पाय आहे तो.

तुझ्या झाडूचा चोर,
लॉन्झो