आळसाने वापरलेला भुसा

प्रिय ताई,

बाबा आधाराने खुर्चीत बसायला लागले, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर प्रयोगशाळेचं नाव काढलं की तुला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून लिहितोय.

बाबांसाठी नोकरी सोडून तू गेलीस, तेव्हा तुझं एन्झाइम फ्रीजच्या खालच्या कप्प्यात राहिलं. ते भुशातून ग्लुकोजचा कणही सोडवत नाही, म्हणून सरांनी त्यावर केव्हाच फुली मारली होती. गेल्या महिन्यात मला आपल्या नेहमीच्या, तीन एन्झाइमांच्या मिश्रणाची चाचणी घ्यायची होती आणि नवा भुसा दळायचा कंटाळा आला. तुझ्या एन्झाइममध्ये भिजवून, धुऊन वाळवलेला भुसा बरणीत आयता होता, तोच घेतला. ग्लुकोज दुप्पट निघालं. सर म्हणाले, मी काहीतरी घोळ घातला असणार. मलाही तसंच वाटलं. मग मुकाट्याने नवा भुसा दळला, आधी तुझं एन्झाइम घातलं, नंतर मिश्रण. पुन्हा दुप्पट.

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे दोर असतात आणि दुसऱ्याच साखरांच्या फांद्याफांद्यांची जाळी त्यांना आवळून असते, हे तूच मला शिकवलंस. तुझं एन्झाइम दोराला हातच लावत नाही, ते फांद्या छाटतं. वाट मोकळी झाली की मिश्रणातलं एक एन्झाइम दोर मधूनच तोडतं, दुसरं टोकाकडून कुरतडत येतं, तिसरं उरलेल्या साखरेच्या जोड्या फोडून ग्लुकोज करतं. आपण मोजत होतो फक्त ग्लुकोज. त्यामुळे तुझं काम कुणाला दिसलंच नाही. मला याचं फार वाईट वाटलं, सरांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते कुणावरच खेकसले नाहीत.

त्यांनी तुझी जागा पुन्हा मंजूर करून घेतली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. बाबांचं कोण करणार, असं म्हणून तू नाही म्हणशील, हे मला पाठ आहे. म्हणून मी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली, रविवारी पोचतोय. त्यांना उठवायचं कसं, गोळ्या कधी द्यायच्या ते दाखव आणि निघ. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा शेजारच्या काकूंच्या फोनवरून मी बाबांशी बोललो. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण ‘तिला पाठव’ एवढं अगदी स्पष्ट ऐकू आलं. तुझा एप्रन खुंटीवरच आहे. धुतलेला नाही.

तुझाच भाऊ,
ढिम्म