साठ पडद्यांना एक माणूस

२२ सप्टें., सोमवार
जुने सीपीयू गेले. भंगारवाल्याचा टेम्पो भरून. आता टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि डब्याएवढं खोकं. सगळ्यांचे डेस्कटॉप खालच्या सर्व्हरवर. कुठेही बसा, लॉगिन केलं की आपलं सगळं समोर. अर्थशास्त्राचे सर तरी शोधतायत, "माझा चौदा नंबर कुठे गेला?" फ्रान्सिस म्हणाला, "सर, आता सगळेच चौदा नंबर." इतकी वर्षं ही लॅब आम्ही दोघं सांभाळतोय, पण सरांना समजावणं त्यालाच जमतं.

२५ सप्टें.
ट्रस्टींना डेमो. फ्रा. मागे उभा, बोलले मीच. पूर्वी एक सॉफ्टवेअर टाकायचं तर दोघं मशीन-मशीन फिरायचो. आज एकदाच टाकलं, साठही पडद्यांवर आलं. टाळ्या. मग भरात येऊन, "सर, एक माणूस बसल्या जागेवरून अख्खी लॅब सांभाळेल."
"एकच?"
"हो सर, एकच."
फ्रा. प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागला. पार्ले स्टेशनपर्यंत चालत आले तेव्हा कळलं काय बोलून बसले ते.

१ ऑक्टो., खंडेनवमी
दरवर्षी प्रत्येक मशीनला झेंडू. स्वतः चर्चला जाणारा, पण फुलं फ्रा.च आणतो, मालाडच्या घरच्या अंगणातली. यंदा खोक्यांवर फूल राहीना. "सर्व्हरलाच घाल गं, सगळे त्याच्यातच बसलेत," म्हणाला. त्या खोलीला कुलूप, किल्ली सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीकडे. कुलपातच खोचलं.
दुपारी प्राचार्य मॅडमनी दोघांना बोलावलं. दोघांचं कंत्राट दिवाळीला संपतंय, पुढे एकाचंच. "कोण राहणार ते तुम्हीच आपसात ठरवा. सोमवारी नाव सांगा."
बाहेर येऊन चहा प्यायलो. काहीच वाटलं नाही. आत्ताही नाही.

३ ऑक्टो.
लॅब चालू, आम्हाला काम नाही. फ्रा.ने एकच खोकं परत परत पुसलं. विषय कोणीच काढला नाही. यांची नोकरी सुटल्यापासून घरात माझाच पगार. त्याच्याकडे तो आणि आई, तिथेही त्याचाच. डबा तसाच परत आणला.

५ ऑक्टो., रविवार
फ्रा.चा फोन. "नीता, तू राहा यार. माझं काय, मढच्या भावाला मासे धरायला होडीवर माणूस हवाच आहे."
होडीवर! हा माणूस मढच्या फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसतो. स्टाफच्या सहलीला एवढ्याशा खाडीत ओकला होता, पाठ मीच चोळली होती.
"अरे पण," म्हटलं आणि थांबले. मागे त्याची आई त्याला जेवायला हाका मारत होती.
"उद्या बोलू," म्हटलं.
"हो, उद्या," म्हणाला, पण फोन त्याने ठेवला नाही. मीच ठेवला.
उद्या मॅडम नाव विचारणार. मला बरं वाटतंय. लाज वाटायला हवी, ती अजून आलेली नाही.