डेक्लन तर येणारच

६ मे
खांबांवर पाट्या लागल्या. डेक्लनचा फोटो मीच निवडला — निदान हसतोय. पुलाच्या अलीकडची गावं आमची, पलीकडची शिवॉनची. ती आपल्याच पक्षाची नवी उमेदवार, म्हणून पक्षानं हद्द आखून दिलीय. अलीकडच्यांनी मतपत्रिकेवर डेक्लनपुढे एक लिहायचा, शिवॉनपुढे दोन. पलीकडे उलट. एक नंबरवाला बाद झाला, किंवा गरजेपेक्षा जास्त मतं घेऊन निवडून आला, तरच दोन नंबर बघतात. कौन्सिलातली ही जागा आधी बाबांची, मग माझ्या भावाची, डेक्लनची. मी जिवंत असेपर्यंत ती जाऊ द्यायची नाही.

११ मे
दिवसभर दारोदार. पायांचे तुकडे पडले. डेक्लन खड्ड्यांच्या तक्रारी ऐकत एकेका दारात रेंगाळतो. मी कोटाला धरून ओढून आणते.

१४ मे
आज जिथं जावं तिथं तेच. डेक्लन काय, निवडून येतोच आहे. त्याला दोन नंबर देऊ, एक त्या नव्या पोरीला. आणि वर प्रेमानं चहा पाजतात! यापेक्षा शिव्या परवडल्या. सगळ्यांनीच असं केलं तर माणूस घरी बसेल.

१५ मे
कोण पसरवतंय हे? शिवॉनची माणसं, दुसरं कोण! फोन करून तिला चांगली झापली. ती म्हणाली, आम्ही पूल ओलांडलेला नाही. मुळीच विश्वास बसला नाही.
डेक्लनला सांगितलं तर म्हणे, ‘‘सोड ना ऊना. चांगली पोरगी आहे.’’
चांगली!

२१ मे
नवी पत्रकं छापली — जागा धोक्यात, एक नंबर डेक्लनलाच! लोक हसतात. दर वेळी असंच म्हणता, म्हणे. म्हणतो खरं. तीच तर पंचाईत.

२४ मे
मतदान झालं. मोजणी उद्या.

२५ मे
गेली जागा.
मोजणीच्या हॉलमध्ये कठड्याला रेलून आमची माणसं उघडल्या जाणाऱ्या मतपत्रिका टिपत होती. त्यांचे चेहरे बघूनच समजलं. आमच्याच गावांतून एक शिवॉनला, दोन डेक्लनला. पण ती निवडून यायला थोडी मतं कमी पडून काठावर अडकून बसलेली, त्यामुळे तिच्या मतांवरचे दोन नंबर बघायची वेळच आली नाही. डेक्लन आधी बाद झाला. मग त्याची मतं तिच्याकडे गेली आणि ती निवडून आली. आमच्या मतांवर!
मी सगळ्यांदेखत रडले. डेक्लननं तिला मिठी मारली. त्याचा इतका राग आला मला.

२८ मे
पाट्या उतरवत होते. हॅनरटीबाईंनी आत बोलावून घरी भाजलेला रूबार्बचा टार्ट पुढे केला. त्यांनीही एक शिवॉनलाच दिलेला, लपवलं नाही. मी विचारलं, डेक्लन येणारच असं तुम्हाला सांगितलं तरी कोणी?
‘‘कोणी म्हणजे? त्यानंच की. तू पुढच्या घरी गेलीस आणि हा दारात उभा राहून म्हणाला, माझं काही नाही, मी येतोच आहे, एक त्या पोरीला द्या. सगळ्या गल्लीला तेच सांगितलंन. मला वाटलं, तूच शिकवलंयस.’’
टार्ट तसाच ठेवून उठले.

२९ मे
विचारलं. डेक्लन भांडी विसळत होता, वळलाही नाही.
‘‘मी यंदा उभा राहत नाही म्हटलं असतं, तर तू ऐकलं असतंस?’’
नसतं ऐकलं.