सुकदेवच्या वाट्याचा रोट

गोडादरा, सुरत
१२ जुलै १९९८

चि. चेतनला आजीचा आशीर्वाद.

आम्ही बऱ्या आहोत. तुझी आई मनीषा दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवते, डोळे दुखतात म्हणते आणि ऐकत नाही. हे पत्र तुझी बहीण योगिता लिहितेय. मी बोलेन तेच लिही म्हटलंय. मध्ये स्वतःची अक्कल घातली तर मला कळणार नाही, पण तिला झोप लागणार नाही.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. तू सिनेमाची गोष्ट कॉलेजात वाचलीस आणि वर्गातल्या पोरापोरींनी मतं दिली. गोष्ट कुठली, तर आपलीच! कानबाई मातेचा सण, घरातल्या प्रत्येक गड्याच्या नावाने मूठ-मूठ गहू, त्याचे रोट, आणि हरवलेल्या बापाच्या नावाचीही मूठ घेणारी एक खाष्ट म्हातारी. खाष्ट कशाला रे भाऊ? देखणी म्हातारी घाल. आणि बडोद्याच्या पोरांना रोट म्हणजे पुरणाची पोळी, हे तरी सांगितलंस का?

शीतल म्हणते, म्हातारी रडत का नाही. तिला म्हणावं, पुरण वाटायला ये, मग विचार. महेश म्हणतो, बाप मेलेलाच आहे, भिंतीवर हार घातलेला फोटो दाखव. पोरगा हुशार आहे. त्याला घरी आणू नकोस. तुझी आई अजून कुंकू लावते.

छगनचं मत वाचताना योगिता अडखळली. बाप तूच हो, त्याचा चौकडीचा शर्ट घाल, त्याच्या पाटावर बस, कॅमेरा पाठीमागून. सगळ्या वर्गाला ते फार आवडलं म्हणे. म्हणून तू लिहितोस, यंदा सणाला येऊन घरीच शूटिंग करायचं, आणि बापाचा शर्ट काढून ठेवा.

शर्ट मिळणार नाही.

का ते सांगते. योगिता, माझ्याकडे बघू नकोस, लिही.

प्लेगच्या वर्षी तुझ्या बापाने, माझ्या सुकदेवने, आपल्याला उधना स्टेशनवर गावाच्या गाडीत बसवलं. ‘कारखान्याला कुलूप लावून मागनं येतो,’ म्हणाला, तो आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या वाट्याचा रोट मी त्याच्या पाटासमोर झाकून ठेवते आणि सकाळी कानबाईबरोबर तापीत सोडते. गेल्या वर्षी सकाळी पाटासमोर ताटच नव्हतं. मोरीत होतं. धुतलेलं, भिंतीला टेकवलेलं, ओलं.

तुझी आई म्हणाली, तुम्ही धुतलं असेल. मी म्हटलं, हो, मीच. पण त्या दिवसापासून ती दाराला कडी लावत नाही.

आपल्या घरात जेवून स्वतःचं ताट धुणारा गडी एकच होता. तू तर अजून ताटातच हात धुतोस.

मी घाबरले नाही. पोटचा पोरगा आहे. भीती वेगळीच आहे. यंदा तू त्याच्या शर्टात त्याच्या पाटावर बसशील. त्याला आपली जागा भरलेली दिसेल आणि शेजारी तुझा पाट रिकामा. मग तो तिथे बसेल, तुझ्या नावाच्या मुठीचं खाईल. त्यानंतर माझ्यासमोरून उठून कोण गेलं आणि कोण राहिलं, ते मी कशावरून ओळखू? मला आता नीट दिसतही नाही.

माझंही मत हवं होतं ना? घे. गोष्ट चांगली आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी कर, दुसऱ्या कोणाला बाप कर. आपल्या घरी तू चेतन म्हणून ये, चेतनच्या पाटावर बस, पोटभर जेव.

आणि दारात आलास की बापासारखं नुसतं ‘माय, मी उनू’ म्हणून आत शिरू नकोस. तुझा आवाज फुटला तो हुबेहूब त्याचाच झालाय. आधी तुझं नाव सांग. नाव ऐकल्याशिवाय मी तुझ्या आईला दारापर्यंत जाऊ देणार नाही.

फक्त तुझीच वाट बघणारी,
आजी सुंदरा