बोगद्यातून आलेला शब्द

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहितो.

मला एमआरआयच्या खोलीत काम मिळालंय. पेशंटच्या अंगावरची धातूची वस्तू काढून घ्यायची आणि त्याला यंत्राच्या बोगद्यात सरकवायचं. यंत्र गप्प असलं तरी चुंबक जागाच असतो. एकदा खिशात किल्ली राहिली, तर कुणीतरी हाताला धरून न्यावं तशी ती आत ओढ घेऊ लागली.

काल एक आजोबा आत होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. डावा अंगठा तुमच्यासारखाच वाकडा. मी माईकवरून विचारलं, "त्रास होतोय का?" स्पीकरमधून तुमच्याच आवाजात उत्तर आलं, "चालायचंच!"

आजोबा बाहेर आले तेव्हा चेहरा परका होता.

पडद्यावर त्यांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत काळा डाग दिसला. टेक्निशियनबाई म्हणाल्या, "डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही रे. पण तपासायला तुकडा कुठून घ्यायचा ते आता नेमकं कळलं."

त्या आजोबांना रात्री सारखं लघवीला उठावं लागायचं. आई म्हणाली, तुमचंही तेच चाललंय, आणि तिने काही विचारलं, की तुम्हीही "चालायचंच" म्हणता.

'प्रोस्टेट' हा शब्द बाईंना विचारून शुद्ध लिहिलाय, डॉक्टरांना असाच दाखवा. एमआरआय करायला सांगितला तर इकडे या. माईकवर मीच असेन. आतून मला शिवी दिलीत तरी चालेल, पण "चालायचंच" म्हणू नका.

तुमचा,
धाकटा