वादळवेणीचे दंड

प्रिय ताई,

शाळा सुटल्यावर जिच्या चित्रांच्या पुस्तकांवर तू मला वाचायला शिकवलंस, त्या आपल्या वादळवेणीचा सिनेमा काल पाहिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला!

पुस्तकात तिचे दंड कसे, तुझ्यासारखे. लॉन्ड्रीत कामाला असताना ओल्या चादरींचं गाठोडं तू एका हाताने उचलायचीस आणि म्हणायचीस, "बघ रे, कोण आलंय! वादळवेणी!" पडद्यावरची ही म्हणजे काडी. मी शिंपी आहे, ताई. तिच्या बाहीत तुझं मनगटसुद्धा जाणार नाही. असल्या हातांनी ती ट्रक उचलते आणि लोक शिट्ट्या मारतात! मेल्यांनी एकदा पुस्तक तरी उघडायचं होतं.

तुझ्या सासूबाई तुला 'पहिलवान' म्हणतात. परवा तू फोनवर हसत म्हणालीस, "रविवारी सगळ्यांना सिनेमाला नेते. बघू देत, नायिका कशी असते!" काल ते आठवलं. सासूबाई आधी पडद्याकडे बघतील, मग तुझ्याकडे.

हे तुला कळवलं, तर मीही तुला 'पहिलवान' म्हटल्यासारखं होईल. म्हणून हे पत्र टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, "सिनेमा भिकार आहे, जाऊ नका."

ते मात्र खोटं आहे. ती पोरगी नजर रोखते ना, तेव्हा थेट आपली वादळवेणी दिसते. शेवटी मीसुद्धा उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

तुझा,
चिडका बिब्बा